घरचा स्टिरिओ : वॉटचा आकडा आणि जोडणीचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खानदेशात अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारतो तो हा, "किती वॉटचा?" दुकानदार आकडा सांगतो, माणूस तो मनात तोलतो आणि जिथे आकडा मोठा तिथे पैसे मोजून मोकळा होतो. वरातीपुढे चालणाऱ्या डीजेच्या गाडीने आणि गणपतीच्या मंडपाने आपल्या हाती हे एकच माप दिले आहे. मंडपापुरते ते उपयोगी असेलही. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांनी बसून गाणे ऐकायचे असेल, तर हा प्रश्न पहिला नव्हे. त्याचा क्रम तिसरा किंवा चौथा लागतो. मग पहिला प्रश्न कोणता, आणि त्यापुढचे कोणते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे वाचकांना, विशेषतः आमच्या प्राध्यापकांना वाटणे साहजिक आहे. त्याची कारणे दोन. माझ्या मामांचे धुळ्याला आग्रा रोडजवळच्या एका गल्लीत रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. शाळेत असल्यापासून सुट्टी लागली की जळगावहून एस.टी.ने धुळे गाठायचे आणि मामांच्या हाताखाली सोल्डरिंग करायचे, हा माझा परिपाठ. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. यंत्राबरोबर येणारे इंग्रजी माहितीपत्रक आमच्याकडे आजवर खोक्यातच राहत असे. ज्याला ते पत्रक वाचता येत नाही त्याला दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणजे आकड्याची किंमत मोजतो तो नेमका आकडा न वाचता येणारा. हे मी दुकानात बसून अनेकदा पाहिले आहे.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरी उभा राहिला. कापूस विकून आल्यावर वडिलांनी बारा हजार रुपये गाण्याच्या यंत्रासाठी बाजूला काढले. आमच्याकडे आजीच्या तीन कॅसेट आहेत. श्रावणातल्या कानबाईच्या जागरणात ती अहिराणी गाणी म्हणत असे. कोणीतरी ती साध्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती. आजी आता नाही. तो आवाज नीट ऐकू यावा ही आईची इच्छा, तर गल्लीतल्या कोणाकडे नसेल असा 'दणका' घरी यावा ही धाकट्या भावाची. एका दुकानदाराने "पाच हजार वॉट" असे खोक्यावर छापलेला सेट हप्त्याने देऊ केला होता, त्याची किंमत आमच्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट होती आणि वडील विसार देण्याच्या बेतात होते. "तू शिकलेला आहेस, तूच कागद वाचून सांग," असे त्यांनी मला म्हटले. पुढे जे लिहिले आहे ते त्या वेळी मी त्यांना समजावून सांगितले त्याचाच विस्तार होय.

यंत्र एक, कामे दोन

बाहेरून एकच पेटी दिसली तरी तिच्यात दोन निरनिराळी कामे चालतात. पहिले काम प्रीअ‍ॅम्पचे. मोबाईल, रेडिओ, कॅसेटचा डेक किंवा रेकॉर्ड प्लेअर यांतला कोणता आवाज ऐकायचा तो निवडणे, तो पुरेसा वाढवून एका पातळीवर आणणे, कमी-जास्त करणे, बेस आणि ट्रेबल यांची बटणे सांभाळणे ही सर्व कामे त्याची. आजही बेस-ट्रेबलच्या पुष्कळ बोर्डांत जी रचना असते ती पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात प्रसिद्ध केली होती.

दुसरे काम पॉवर अ‍ॅम्पचे. प्रीअ‍ॅम्पकडून आलेले व्होल्टेज ठराविक पटीने वाढवायचे आणि स्पीकरची कॉईल हलवण्याइतका करंट पुरवायचा, एवढेच तो करतो. निवड नाही, चव नाही, केवळ ताकद. मामा म्हणतात, प्रीअ‍ॅम्प म्हणजे स्वयंपाकघर आणि पॉवर अ‍ॅम्प म्हणजे पंगतीत वाढणारे हात. पदार्थ बिघडलेला असेल तर वाढप्यांची संख्या वाढवून जेवण सुधारत नाही.

ही दोन्ही कामे एकाच पेटीत असली की त्याला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात आणि बहुतेक घरांना तोच पुरतो. वेगळ्या पेट्या घेतल्या, किंवा धुळे-जळगावात सर्रास करतात तसे वेगवेगळे तयार बोर्ड आणून एका कॅबिनेटमध्ये बसवले, तर दोहोंची जोड जुळवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

शेवटाकडून सुरुवात

निवड करताना नेहमी उलटे चालावे. म्हणजे आधी खोली आणि कान, मग स्पीकर, मग पॉवर अ‍ॅम्प, मग प्रीअ‍ॅम्प. पहिला प्रश्न असा : खोली केवढी, आणि ऐकणारा स्पीकरपासून किती अंतरावर बसणार?

दुसरा प्रश्न स्पीकरचा. चांगल्या स्पीकरच्या पत्रकावर सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो, उदाहरणार्थ ८८ डेसिबल. त्याचा अर्थ, या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज मिळतो. साधे बोलणे एक मीटरवरून साधारण ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे एका वॉटची किंमत कळते. तीन मीटरवर बसले तर त्यातून सात-आठ डेसिबल कमी होतील, दोन स्पीकर असल्याने तीनेक परत मिळतील. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक वॉट मिळून बसल्या जागी ८० डेसिबलच्या वर आवाज येतो. घरी मन लावून गाणे ऐकताना सरासरी आवाज याहून कमीच ठेवतात. थोडक्यात, बहुतेक वेळ आपला अ‍ॅम्प्लिफायर एक वॉटसुद्धा खर्च करीत नाही.

मग पंचवीस-तीस वॉट तरी कशाला? कारण गाण्याचा आवाज सपाट नसतो. तबल्याची थाप, ढोलकीचा ठोका, गायिकेची अचानक उंच गेलेली तान हे क्षण सरासरीच्या वर दहा-पंधरा डेसिबल उसळतात. दहा डेसिबल वर जायला दहापट वॉट लागतात आणि पंधरा डेसिबलला जवळजवळ बत्तीसपट. त्या क्षणी ताकद अपुरी पडली की आवाजाच्या लहरीचे शेंडे कापले जातात, कानाला कर्कश लागते आणि लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो जळण्याची भीती असते. ही उसळी झेलण्यापुरती शिल्लक हवी. साध्या खोलीला ८८ डेसिबलच्या स्पीकरवर दर बाजूला पंचवीस-तीस खरे वॉट पुष्कळ झाले.

येथेच वॉटच्या आकड्याचा भ्रम फिटतो. आपला कान बेरजेने ऐकत नाही, तो पटीने ऐकतो. वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ तीन डेसिबल वाढतो. फरक कळतो, पण थोडाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॉट सुमारे दहापट करावे लागतात. शंभर वॉटऐवजी दोनशे वॉटचा घेतला म्हणून घर दुप्पट दणाणत नाही. उलट ८५ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर सहा डेसिबलचा फायदा होतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चौपट केल्याइतका. म्हणून पैसे मर्यादित असतील तर ते आधी स्पीकरवर खर्चावेत.

खोटा आकडा ओळखावा कसा

"पाच हजार वॉट" हा आकडा येतो तरी कोठून? खोक्यावर बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असे लिहिलेले असते. हे कल्पनेतले, एखाद्या निमिषापुरते शिखर; त्याला सर्वमान्य मोजमाप नाही. खरा आकडा तो, जो यंत्र सतत देऊ शकते, आणि ज्याच्यासोबत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : किती ओहमच्या स्पीकरवर, किती डिस्टॉर्शनपर्यंत, आणि दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना की एकच. बाजारात याला आरएमएस वॉट म्हणतात. ही फसगत आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत असेच फुगवलेले आकडे इतके बोकाळले होते की १९७४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट कसे मोजावे व जाहिरातीत कसे सांगावे, याचा नियम करावा लागला.

माहितीपत्रक हाती नसले तरी तीन कसोट्या कोणालाही लावता येतात.

पहिली कसोटी मागच्या पट्टीची. पेटीच्या मागे यंत्र विजेचे किती वॉट घेते ते लिहिलेले असते. हा आकडा पुष्कळदा सरासरी वापराचा असतो, म्हणून थोडेफार अंतर समजू शकते. परंतु भिंतीतून साठ वॉट घेणारे यंत्र स्पीकरला हजारो वॉट देणार नाही. जेवढे भरले त्याहून जास्त विहिरीतून निघत नाही.

दुसरी कसोटी ट्रान्सफॉर्मरची. त्यावर '१२-०-१२, ३ अँपिअर' असे लिहिलेले असेल तर २४ गुणिले ३, म्हणजे ७२ ही त्याची एकूण ताकद. नेहमीच्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यातला मोठा भाग उष्णता होऊन जातो, तेव्हा दोन्ही चॅनेल मिळून चाळीसेक वॉट निघाले तरी पुष्कळ. अलीकडचे डी वर्गाचे बोर्ड नव्वद टक्क्यांपर्यंत कार्यक्षम असतात, ते हलके व थंड असतात हे खरे; पण शंभर टक्क्यांपुढे कोणीच जात नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्राबाबत मामांची कसोटी अगदी सोपी आहे. गिऱ्हाईक आकडा सांगू लागले की ते अहिराणीत म्हणतात, "आकडा कितला बी ऱ्हाऊ दे भाऊ, पयले वजन उचलीसन देख."

तिसरी कसोटी व्होल्टेजची. बाजारात '४४४०' या आयसीचे बोर्ड फार चालतात. मूळ रचना मोटारीतल्या बारा व्होल्टच्या टेपसाठी. बारा व्होल्टवर, दोन्ही भाग जोडून, चार ओहमच्या स्पीकरला लहरीचे शिखर फार तर बारा व्होल्टचे मिळेल. त्याचा परिणामी आकडा साडेआठ व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले चार, म्हणजे अठरा वॉट. येथे गणित संपते. त्याच बोर्डावर कोणी 'दोनशे वॉट' अशी चिठ्ठी लावली तर ती चिठ्ठीच दोनशे वॉटची.

जोड जुळवणे : पहिला भाग, व्होल्टेज

आता मुख्य मुद्दा. समजा पॉवर अ‍ॅम्प ८ ओहमवर ५० वॉटचा आहे. पन्नास गुणिले आठ म्हणजे चारशे, त्याचे वर्गमूळ वीस. म्हणजे पूर्ण ताकदीला तो स्पीकरला २० व्होल्ट देतो. तो आलेले व्होल्टेज वीसपट करीत असेल (पत्रकावर हे '२६ डीबी गेन' असे लिहितात) तर त्याला आत एक व्होल्ट द्यावा लागेल. हा एक व्होल्ट प्रीअ‍ॅम्पने पुरवायचा.

आता आवाजाची साधने काय देतात ते पाहू. सीडी प्लेअर पूर्ण पातळीला सुमारे दोन व्होल्ट देतो. मोबाईलच्या हेडफोनच्या छिद्रातून अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. कॅसेट डेक साधारण तीन ते पाच दशांश व्होल्ट देतो. रेकॉर्ड प्लेअरची नेहमीची मॅग्नेटिक पिन मात्र फक्त तीन ते पाच मिलिव्होल्ट देते, म्हणजे व्होल्टचा दोनशे-तीनशेवा हिस्सा. यावरून प्रीअ‍ॅम्प कोणता हवा ते आपोआप ठरते. सीडीला वाढवण्याची गरजच नाही, कमी करण्याचे बटण पुरे. डेकला दोन-तीन पट हवी. रेकॉर्डला सुमारे अडीचशे पट हवी, आणि तीही सरसकट नव्हे. रेकॉर्डवर बेस मुद्दाम कमी व ट्रेबल मुद्दाम जास्त करून कोरलेला असतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए नावाच्या मापाने तो उलटा फिरवून मूळपदावर आणावा लागतो. म्हणून रेकॉर्ड प्लेअरची पिन साध्या 'ऑक्स'च्या छिद्रात लावली तर पातळ, किरकिरा आणि अतिमंद आवाज येतो. त्यात रेकॉर्डचा दोष नसतो, तिथे 'फोनो'चा प्रीअ‍ॅम्प हवा असतो.

जास्त पट असणे हाही दोषच. जिथे तीनपट पुरते तिथे तीसपट वाढवणारा प्रीअ‍ॅम्प बसवला, तर व्हॉल्यूमचे बटण किंचित फिरवताच घर दणाणते आणि सारा कारभार बटणाच्या पहिल्या इंचभर फेऱ्यात उरकावा लागतो. स्वस्त बटणाचे डावे-उजवे त्या टोकाला सारखे नसते, म्हणून एक स्पीकर मोठा व एक बारीक वाजतो. शिवाय गाण्याबरोबर खरखरही तीसपट होते. प्रीअ‍ॅम्पला गाणे कोणते आणि खरखर कोणती हे कळत नाही. आत येईल ते सारे तो इमानदारीने वाढवतो. एकदा आत शिरलेली खरखर पुढे कितीही भारी पॉवर अ‍ॅम्प लावला तरी निघत नाही. म्हणूनच पहिली पायरी स्वच्छ हवी.

जोड जुळवणे : दुसरा भाग, इम्पीडन्स

व्होल्टेज जुळले तरी एक गोष्ट राहते. प्रीअ‍ॅम्पच्या बाहेर पडण्याच्या वाटेला काही अडथळा असतो, त्याला आऊटपुट इम्पीडन्स म्हणतात; पॉवर अ‍ॅम्पच्या आत शिरण्याच्या वाटेला इनपुट इम्पीडन्स. आपल्याकडच्या केळीच्या बागेतली ठिबकची नळी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक ड्रिपर थोडेच पाणी ओढतो म्हणून नळीत दाब टिकतो. नळीचे तोंडच मोकळे सोडले तर दाब पडतो. त्याचप्रमाणे पॉवर अ‍ॅम्पने प्रीअ‍ॅम्पकडून थोडाच करंट ओढला पाहिजे, म्हणजे त्याचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आऊटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवा. ६०० ओहमचा प्रीअ‍ॅम्प आणि १० किलोओहमचा पॉवर अ‍ॅम्प असेल तर सुमारे ९४ टक्के व्होल्टेज पोचते. दोन्ही दहा-दहा किलोओहमचे असतील तर निम्मेच पोचते.

याचा आणखी एक परिणाम कमी लोकांच्या ध्यानात येतो. प्रीअ‍ॅम्पच्या शेवटी एक कंडेन्सर असतो. तो आणि पुढच्या यंत्राचा इम्पीडन्स मिळून बेसची मर्यादा ठरवतात. ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० किलोओहमपुढे चालवला तर १६ हर्ट्झपर्यंत, म्हणजे कानाच्या सीमेपलीकडे, बेस जातो. तोच कंडेन्सर १० किलोओहमच्या पॉवर अ‍ॅम्पला जोडला तर १६० हर्ट्झपासूनच बेस गळू लागतो. दोन्ही यंत्रे निर्दोष, पण जोडी बेसूर. जुन्या व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पला नवा बोर्ड जोडणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, आणि मग पॉवर अ‍ॅम्पमध्ये दम नाही असा त्याला फुकटचा बोल लागतो. दोन पत्रिका वेगवेगळ्या चांगल्या असून भागत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते येथे अक्षरशः लागू आहे.

स्पीकरच्या बाजूला मात्र उलट काळजी. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ते ४ ओहम दिसतात आणि करंट दुप्पट ओढला जातो. मागच्या पट्टीवर 'किमान ८ ओहम' लिहिले असेल तर जादा पेट्यांचा मोह टाळावा.

खानदेशचे ऊन आणि घूं आवाज

परदेशी पुस्तकांत न सापडणारी एक बाब आपल्या जिल्ह्यांना लागू आहे. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. हीटसिंक बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी तापत असेल तर पंचवीस अंशांच्या खोलीत तो ६० वर थांबेल, आपल्याकडे मात्र ८० वर. आतला ट्रान्झिस्टर त्याहूनही तापलेला असतो. म्हणून हीटसिंक गरजेपेक्षा मोठा घ्यावा, पेटी बंद कपाटात ठेवू नये, आणि तिच्यावर क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी मांडण्याची हौस टीव्हीपुरतीच ठेवावी.

दुसरी तक्रार घूं आवाजाची. आपल्या विजेची गती ५० हर्ट्झ, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा गुणगुणाट आत शिरतो. शिल्डेड वायर वापरावी, ती ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवावी, आणि सर्व पेट्या एकाच बोर्डावरून चालवाव्यात, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगचा फेरा तयार होत नाही. घूं थांबतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. हे कदापि करू नये. गुणगुणाट सहन होतो, शॉक होत नाही.

आमचा निर्णय

हा सर्व हिशेब मी वडिलांपुढे एका वहीत मांडला. पाच हजार वॉटच्या सेटच्या मागच्या पट्टीवर वीज घेण्याचा जो आकडा होता तो शंभराच्याही आत होता. तो आकडा मी वाचून दाखवला. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत, पण शेतकऱ्याला किती पेरले आणि किती निघाले हा हिशेब शिकवावा लागत नाही. "म्हणजे आत शंभर घालून पाच हजार काढतो म्हणतोस?" एवढेच ते म्हणाले आणि विसाराचे पैसे पुन्हा खिशात गेले.

मग बारा हजारांतले निम्म्याहून थोडे अधिक ८८ डेसिबलच्या, ८ ओहमच्या दोन स्पीकरवर गेले. मामांनी १८-०-१८, ३ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर दर बाजूला पंचवीस वॉटचा पॉवर अ‍ॅम्प उभा केला. पंचवीस वॉटला ८ ओहमवर १४ व्होल्ट लागतात. वीसपटीने आत ०.७ व्होल्ट. डेक देणार ०.४. वास्तविक दुप्पट वाढ पुरली असती, पण आजीचा आवाज मुळातच मंद भरलेला, म्हणून ४५५८ आयसीचा पाचपट वाढवणारा प्रीअ‍ॅम्प घेतला. त्याचा आऊटपुट इम्पीडन्स काहीशे ओहम, पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट २२ किलोओहम. जोड जुळली.

तरीही पहिल्या दिवशी आजीचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटत होता. भाऊ लगेच ट्रेबलचे बटण पूर्ण फिरवू लागला. मामांनी त्याला थांबवले. डेकचे हेड स्पिरिटने पुसले, जुना पट्टा बदलला, आणि हेडशेजारचा एक बारीक स्क्रू अगदी हळू फिरवला. टेपवर ज्या कोनात आवाज भरला त्याच कोनात वाचणारे हेड हवे, नाहीतर वरचे सूर पुसले जातात आणि पुढचा कोणताही अ‍ॅम्प्लिफायर ते परत आणू शकत नाही. स्क्रू एका जागी आला आणि शब्द उघडले. आजीच्या मागे साथ धरणाऱ्या दोन बायका होत्या, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आईने त्यांतल्या एकीचा आवाज ओळखला. त्या वेळी व्हॉल्यूमचे बटण निम्म्यावरही नव्हते. भावाला दणक्याची खंत काही दिवस होती. आता तो त्यावर मोबाईल लावून ऐकतो आणि मित्रांना वॉटऐवजी डेसिबल सांगतो.

दुकानात विचारायचे प्रश्न

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या पाचकंदील परिसरात खरेदीला जाल तेव्हा हे प्रश्न क्रमाने विचारा. माझी खोली केवढी आणि मी काय ऐकणार? स्पीकर किती ओहमचा, किती डेसिबलचा? अ‍ॅम्प्लिफायर त्याच ओहमवर, दोन्ही चॅनेल चालू असताना, सतत किती वॉट देतो? तो भिंतीतून किती वॉट घेतो? पूर्ण ताकदीला त्याला आत किती व्होल्ट हवेत, आणि माझा प्रीअ‍ॅम्प किंवा मोबाईल तेवढे देतो का? दोघांच्या इम्पीडन्समध्ये दहापटीचे अंतर आहे का? दुकानदार प्रामाणिक असेल तर या प्रश्नांनी तो रागावणार नाही. माहितीपत्रक उघडून तुमच्यापुढे ठेवील.

आणखी एक गोष्ट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा मुलगा असेल, बाळंतीण असेल, आजारी म्हातारा असेल. खोलीपुरता घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर खोलीपुरताच वाजावा.

विज्ञान शाखेच्या मित्रांना यातले गणित बाळबोध वाटेल. तसे ते आहेच. गुणाकार, भागाकार आणि एक वर्गमूळ यांपलीकडे त्यात काही नाही, आणि तेवढे आपण शाळेतच शिकलो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कागद वाचणारे आपण पहिलेच आहोत. तेव्हा सुट्टीत घरी गेल्यावर कोणी नवे यंत्र आणले असेल, मग ते गाण्याचे असो की विहिरीवरच्या पंपाचे, तर त्याचे खोके फेकण्याआधी आतले पत्रक काढावे आणि घरच्यांना मराठीत, जमल्यास अहिराणीत, वाचून दाखवावे.